‘बुलेट्स ऑर बॅलट्स’ (१९३६) आणि अंडरकव्हर पोलिसाचं गुपित: ते लपवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९३६ चा ‘बुलेट्स ऑर बॅलट्स’ पाहिलात, त्यात पोलिसातून हाकललेला डिटेक्टिव्ह गँगमध्ये जातो आणि तो पोलिसांचाच माणूस आहे हे आपल्याला मागाहून कळतं, आणि तुमच्या शॉर्टफिल्ममध्येही असाच अंडरकव्हर पोलिस आहे, तर हे गुपित प्रेक्षकापासून शेवटपर्यंत लपवावं का, आणि त्या लोकांनी तरी ते का लपवलं. मी बरीच वर्षं टीव्हीसाठी क्राइमचे एपिसोड लिहितोय आणि वर्कशॉपमध्ये पोरांना हा पिक्चर दाखवतो, त्यामुळे उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. शेवटपर्यंत लपवू नका. आणि त्यांनी लपवलं ते सस्पेन्ससाठी नव्हतंच मुळी, निदान मुख्य कारण ते नव्हतं. त्यांना एका गँगस्टर स्टारला परत गँगस्टर म्हणून पडद्यावर आणायचं होतं आणि सेन्सॉर तसं करू देत नव्हतं. अंडरकव्हर ही त्यातून काढलेली पळवाट.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट पटकन सांगतो. वॉर्नर ब्रदर्सचा पिक्चर, डायरेक्टर विल्यम कीली, जेमतेम ८२ मिनिटांचा. एडवर्ड जी. रॉबिन्सन हा जॉनी ब्लेक, न्यूयॉर्कचा जुना तापट डिटेक्टिव्ह, ज्याला वरच्यांनी बाजूला सारून शहराच्या एका टोकाला, ब्राँक्समध्ये टाकलंय. रॅकेटविरुद्ध बोंब मारणाऱ्या एका प्रकाशकाचा खून होतो, गदारोळ होतो, ब्लेकचा जुना मित्र मॅक्लॅरन पोलिस कमिशनर होतो, आणि आल्या आल्या तो ब्लेकलाच नोकरीवरून काढतो. ब्लेक चारचौघांत त्याला ठोसा मारतो. मग अल क्रूगर नावाचा रॅकेटचा मॅनेजर, जो ब्लेकला आधीपासून गळ घालतच असतो, त्याला आपल्याकडे घेतो. क्रूगरचा उजवा हात बग्ज फेनर, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, पहिल्या दिवसापासून म्हणत असतो की हा पेरलेला माणूस आहे. आणि या सगळ्यांच्या वर तीन प्रतिष्ठित बँकवाले, ज्यांना गँगमध्ये क्रूगरशिवाय कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचणं हे ब्लेकचं खरं काम.

आता रॉबिन्सन काय चीज होता ते लक्षात घ्या. १९३१ च्या सुरुवातीला ‘लिटल सीझर’ आला आणि हा बुटका, जाड ओठांचा, सिगारवाला माणूस रातोरात गँगस्टरचा चेहरा झाला. त्याच वर्षी ‘द पब्लिक एनिमी’ने जेम्स कॅग्नीला वर आणलं. पब्लिक तुडुंब. पण चर्चवाले, महिला मंडळं, पेपरवाले सगळे खवळले, की पोरं गुंडांना हिरो समजायला लागली. पिक्चरमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, म्हणजे हेज कोड, १९३० पासून कागदावर होतीच पण तिला कोणी भीक घालत नव्हतं. जुलै १९३४ पासून ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या ऑफिसचा शिक्का असल्याशिवाय पिक्चर लावायचा नाही असं ठरलं आणि मोडलं तर दंड २५,००० डॉलर. त्याच महिन्यात २२ तारखेला बँका लुटणारा जॉन डिलिंजर शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून एक गँगस्टर पिक्चर बघून बाहेर पडला आणि फेडरल एजंटांनी त्याला तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. असा प्रसंग आपण लिहिला असता तर प्रोड्युसर म्हणाला असता फार फिल्मी होतंय.

तर वॉर्नरवाल्यांपुढे पेच असा, की घरात दोन-दोन गँगस्टर स्टार पगारावर बसलेत आणि गँगस्टर पिक्चर काढता येत नाही. त्यांनी काय केलं, १९३५ मध्ये कॅग्नीला ‘जी मेन’मध्ये फेडरल एजंट केलं, डायरेक्टर हाच कीली. तोच माणूस, तीच मारामारी, तीच मशीनगन, फक्त खिशात सरकारी बिल्ला. पैसा वसूल झाला. पुढच्या वर्षी रॉबिन्सनची पाळी. पण रॉबिन्सनला नुसता पोलिस करून भागत नाही, कारण लोकांना तो ऑर्डरी सोडताना, सिगार ओढताना, गँगच्या टेबलाच्या डोक्याशी बसलेला बघायचा असतो. मग त्याला पोलिस ठेवून गँगमध्ये घातला की दोन्ही हात तुपात. मधला बराच वेळ तुम्हाला जुना ‘सीझर’ मिळतो आणि सेन्सॉरला शेवटी पोलिस मिळतो.

म्हणून ते गुपित थोडाच वेळ टिकतं. ब्लेक गँगमध्ये रुळतोय न रुळतोय तोवर त्याची आणि मॅक्लॅरनची चोरून भेट दाखवतात आणि विषय संपवतात. १९३६ चा प्रेक्षकही खुळा नव्हता, त्याला माहीत होतं की या कोडच्या जमान्यात रॉबिन्सन शेवटी बरोबर बाजूलाच निघणार. तेवढ्या वेळात ते एकच काम उरकून घेतात, ब्लेकचा राग खरा वाटायला लावतात. तो ठोसा ब्लेक पोलिस असल्याचं आपल्याला माहीत असताना पाहिला असता तर नाटक वाटला असता. माहीत नसताना पाहतो म्हणून गँगवाल्यांना तो का पटला हे आपल्यालाही पटतं. गुपित लपवायचं ते एवढ्यापुरतं, बस.

पिक्चरची सुरुवात मला अजून आवडते. क्रूगर आणि फेनर गाडीतून उतरतात, खिडकीवर तिकिटं काढतात आणि थिएटरात जाऊन बसतात. काय बघायला, तर रॅकेटवरची एक शॉर्टफिल्म, ज्यात त्यांच्याच धंद्याचा पाढा वाचलाय, क्रूगरच्या भूमिकेत एक ॲक्टरसुद्धा आहे. अंधारात बसून दोघं स्वतःवरचा पिक्चर बघतात. क्रूगर थंड, हिशेबी. फेनर धुमसतोय. एक शब्द न सांगता दोघांमधला फरक कळतो, आणि तो शॉर्टफिल्म काढणारा प्रकाशकच पुढे मरणार असतो, क्रूगरने नको म्हटलं असताना. एवढ्याशा सीनमध्ये धंदा काय, बॉस कोण, बिनडोक कोण आणि खून का होणार, सगळं आलं. स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी हा सीन दोनदा बघा, पहिल्यांदा आवाज बंद करून.

आता या कथेमागचं न्यूयॉर्क. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या दोघांपैकी एक सीटन मिलर, मुरलेला स्टुडिओ रायटर. दुसरा मार्टिन मूनी, हा ‘न्यूयॉर्क अमेरिकन’ पेपरचा क्राइम रिपोर्टर. १९३५ मध्ये ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या पंचांपुढे, त्याने बातमीचे सोर्स सांगायला नकार दिला आणि त्याला ३० दिवसांची कैद आणि २५० डॉलर दंड झाला. असा माणूस वॉर्नरने उचलला. त्यामुळे पिक्चरमधल्या रॅकेटच्या तपशिलाला पेपरचा वास येतो, दूधवाला, भाजीवाला, ट्रकवाला, प्रत्येकाकडून ‘संरक्षणा’चा हप्ता आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात. ब्लेकचं पात्र जॉनी ब्रॉडरिक नावाच्या खऱ्या डिटेक्टिव्हवरून घेतलं असं सगळीकडे सांगतात, हा ब्रॉडवेवर गुंडांना हाताने बदडण्यासाठी प्रसिद्ध, पेपरात लोखंडी नळी गुंडाळून फिरायचा म्हणे. त्याच्याबद्दलच्या निम्म्या गोष्टी दंतकथा असणार, पण दंतकथा असलेला पोलिस लेखकाला बराच उपयोगी पडतो.

१९३५ च्या जुलैमध्ये गव्हर्नर लेहमनने टॉमस ड्यूईला रॅकेटविरुद्ध स्पेशल प्रॉसिक्यूटर, म्हणजे खास सरकारी वकील, नेमलं, ऑक्टोबरमध्ये डच शुल्ट्झ या गँगस्टरला न्यूअर्कच्या एका हॉटेलात गोळ्या घातल्या, आणि जून १९३६ मध्ये हा पिक्चर देशभर लागला त्याच महिन्यात माफिया बॉस लकी लुचियानोला ड्यूईने ३० ते ५० वर्षांसाठी आत घातलं. म्हणजे प्रेक्षक सकाळी पेपरात जे वाचत होता तेच संध्याकाळी पडद्यावर. आणि गंमत बघा, लुचियानोची केस कुठल्या अंडरकव्हर हिरोने फोडली नाही. ड्यूईच्या टीममध्ये युनिस कार्टर नावाची कृष्णवर्णीय वकीलबाई होती, तिला बायकांच्या कोर्टातल्या वेश्याव्यवसायाच्या केसेस बघताना लक्षात आलं की वकील तेच ते, जामीनदार तेच ते, म्हणजे मागे कोणीतरी एकच आहे. मग फोन टॅप, मग १ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री एकदम धाडी, मग बायकांच्या साक्षी. कागद वाचून केस झाली. पण कागद वाचणारी बाई स्टुडिओला १९३६ मध्ये हिरोइन म्हणून चालली नसती, आजसुद्धा चॅनलवाले विचारतील की यात ॲक्शन कुठेय.

पिक्चरचा खरा माल आहे तो आकड्यांच्या धंद्यात. ब्लेक आतून खबर देतो, धाडी पडतात, गँगचं उत्पन्न आटतं आणि त्याच्यावर संशय यायला लागतो. मग टिकून राहायला तो क्रूगरला नवा धंदा सुचवतो, तीन आकडी नंबरचा जुगार. हा धंदा छोट्या प्रमाणात चालवत असतात त्याची मैत्रीण ली मॉर्गन, म्हणजे जोन ब्लाँडेल, आणि तिची कृष्णवर्णीय भागीदार नेली, म्हणजे लुइझ बीव्हर्स. ब्लेक तो बघतो आणि तीच आयडिया गँगच्या हातात देतो.

हा जुगार आपल्या लोकांना समजावून सांगायची गरजच नाही. हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, गरीब माणूस पाच सेंट लावायचा, ००० पासून ९९९ पर्यंत कुठलाही नंबर. नंबर कसा काढायचा, तर सुरुवातीला बँकांचे आपसातले हिशेब मिटवणाऱ्या न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउसच्या रोज छापून येणाऱ्या आकड्यांवरून, म्हणजे कोणी म्हणायला नको की बुकीने लबाडी केली, पुढे रेसकोर्सवरच्या बेटिंगच्या टोटलवरून. शक्यता हजारात एक आणि देणं साधारण सहाशे पट, बाकीचा नफा धंदा चालवणाऱ्याचा. आणि आपल्या मुंबईचा आकडा कसा सुरू झाला? न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे ओपनिंग आणि क्लोजिंगचे भाव तारेने मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे, १९६१ मध्ये ते भाव बंद झाले आणि मग कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर मटका उभा केला. गिरणगावातला कामगार आणि हार्लेममधला कामगार, दोघंही न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी बाजारातल्या आकड्यावर आपली चवली-पावली लावत होते. दोन्हीकडे विश्वासाचं कारण एकच, आकडा मोठ्या शेठ लोकांच्या बाजारातून येतोय म्हणजे तो कोणी फिरवला नसणार.

अर्थात फिरवायचेच. शुल्ट्झकडे ओटो बर्मन नावाचा हिशेबात राक्षस माणूस होता, तो रेसकोर्सवर शेवटच्या क्षणी नेमकी बेट लावून टोटल अशी हलवायचा की ज्या नंबरवर जास्त लोकांनी पैसे लावलेत तो लागूच नये. आणि शुल्ट्झने हार्लेमचा हा धंदा मुळात हिसकावलाच होता, तिथल्या कृष्णवर्णीय चालकांकडून, धमक्या आणि मारहाण करून. त्यातली स्टेफनी सेंट क्लेअर ही बाई त्याला शेवटपर्यंत नडली, आणि शुल्ट्झ हॉस्पिटलमध्ये मरायला टेकला तेव्हा तिने तार पाठवली होती, पेराल तसं उगवेल अशा बायबलमधल्या ओळीची. असली बाई खऱ्या आयुष्यात होती, आणि पिक्चरमध्ये नेलीच्या वाट्याला बाजूला उभं राहून हसणं-बोलणं. हा मला या पिक्चरचा सगळ्यात मोठा तोटा वाटतो.

पण तुमच्या स्क्रिप्टसाठी धडा इथेच आहे, नीट बघा. पोलिस विश्वास बसावा म्हणून एक नवा गुन्हा उभा करतो. लहान धंदा मोठा करतो, शहरभर पसरवतो, हजारो गरिबांच्या खिशातून पैसे जातात, स्वतःच्या मैत्रिणीला रस्त्यावर आणतो आणि तिला खरं सांगू शकत नाही. ली त्याला चोर समजते, आणि तिच्या बाजूने बघाल तर तो चोरच आहे. ही एवढी तापलेली जागा हातात असताना पिक्चर तिच्यावरून घाईने पुढे जातो, कारण ब्लेक चांगला माणूस आहे हे एकदा सांगितलंय ना, मग झालं. कोडच्या काळात पोलिसाचे हात काळे दाखवायला मुभा नव्हती म्हणा किंवा लेखकांना वेळ नव्हता म्हणा. तुम्हाला दोन्ही अडचणी नाहीत.

फेनरबद्दल थोडं. बोगार्ट तेव्हा मोठा नव्हता, ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नुकताच आला होता आणि वॉर्नरवाले त्याला दुसऱ्या नंबरचा बदमाश म्हणून वापरत होते. लेखकाच्या नजरेने बघितलं तर अख्ख्या पिक्चरमध्ये ब्लेकबद्दल बरोबर अंदाज करणारा हा एकटाच. क्रूगर, जो हुशार, नीटनेटका, माणसं ओळखणारा, तो फसतो, कारण त्याला ब्लेक आवडतो. आणि फेनर, ज्याला डोकं कमी, तो बरोबर निघतो, कारण त्याला ब्लेक आवडत नाही. अंडरकव्हर गोष्टीत असा एक माणूस लागतोच जो पहिल्यापासून खरं बोलतोय आणि कोणी ऐकत नाही. त्याला मूर्ख दाखवू नका. पुढे फेनर क्रूगरला मारतो, त्याला वाटतं आता गादी आपली, आणि ते तिघे बँकवाले ब्लेकला बसवतात. म्हणजे पोलिसच रॅकेटचा प्रमुख! १९२९ च्या शेअरबाजाराच्या क्रॅशनंतर आणि इतक्या बँका बुडाल्यानंतर सगळ्यात वरचे गुंड बँकवाले दाखवले तर थिएटरात कोणाला आश्चर्य वाटलं नसणार, उलट टाळ्या पडल्या असतील.

शेवटी जिन्यावर ब्लेक आणि फेनरची गाठ पडते, अरुंद जागा, दोघंही गोळ्या झाडतात, फेनर संपतो आणि ब्लेक पोटात गोळी घेऊन उठतो. उठून काय करतो तर वसुलीचे पैसे घेऊन बँकेत जातो, सरळ चालायचा प्रयत्न करत, कारण तो आत पोचला तरच मागून येणाऱ्या पोलिसांना ते तिघं सापडणार. मग मरतो. मरणं भाग होतं. इतके दिवस रॅकेट चालवलेला माणूस बढती घेऊन, मैत्रिणीला घेऊन घरी गेला असता तर कोणाला पचलं नसतं, सेन्सॉरला तर नाहीच. ज्या हिशेबाबद्दल पिक्चर मध्ये बोलला नाही तो मरणाने मिटवून टाकला. मला विचाराल तर ही थोडी लबाडी आहे, पण रॉबिन्सन ती चालवून नेतो. ते बँकेत चालत जाणं बघा, चेहऱ्यावर काही नाही, फक्त पाय जड.

वास्तव किती, असंही विचारलंत. कमी. शिकागोत गँगस्टर अल कपोनच्या केसमध्ये टॅक्स खात्याचा मायकल मलोन नावाचा एजंट खरोखर कपोनच्या लेक्सिंग्टन हॉटेलात राहिला, फिलाडेल्फियाचा गुंड म्हणून, मायकल लेपिटो असं खोटं नाव घेऊन. बाहेरगावचा माणूस, खोटं नाव, दुसऱ्या शहराची ओळख, कपडेसुद्धा त्याच शहराचे, आणि मुख्य काम गप्प बसून कान उघडे ठेवणं. त्याने काही धंदा उभा केला नाही, कोणाला ठोसे मारले नाहीत. १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षं झाली ती हिशेबाच्या वह्यांवर. ब्लेक मात्र स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच शहरात, ज्या गुंडांना त्याने मारलंय त्यांच्यातच जातो. व्यवहारात हे शुद्ध वेडेपणा आहे. पण ड्रामा म्हणून उत्तम, कारण त्याला खोटं फक्त एकच बोलायचंय, ‘मी आता पोलिस नाही’. खोटं जितकं लहान तितका ॲक्टर मोकळा. तुमच्या ड्राफ्टमध्ये हिरोला नवं नाव, नवी भाषा, खोटी बायको, खोटा तुरुंगवास एवढं सगळं दिलंय असं तुम्ही लिहिलंय, वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये त्यातलं निम्मं समजावण्यात जाईल. काढा.

यानंतर हा प्रकार कुठे गेला ते बघायचं तर दोनच पिक्चर सांगतो. १९४७ चा अँथनी मानचा ‘टी-मेन’, ज्यात दोन ट्रेझरी एजंट नकली नोटा छापणाऱ्यांच्या टोळीत शिरतात आणि एकाला आपल्या जोडीदाराचा खून डोळ्यांसमोर होताना चेहरा न हलवता बघावा लागतो. आणि १९४९ चा ‘व्हाइट हीट’, ज्यात कॅग्नी एका कैद्यावर जीव टाकतो आणि तो कैदी पोलिस आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. दोन्हीकडे प्रेक्षकाला गुपित आधीच दिलंय. म्हणून तर घाम फुटतो. लपवलं असतं तर जोडीदाराच्या खुनाचा तो सीन नुसता आणखी एक खून झाला असता.

तेव्हा तुमच्या स्क्रिप्टचं म्हणाल तर पहिली तीन-चार मिनिटं लपवा, हिरोचं बडतर्फ होणं आम्हाला खरं वाटू द्या, मग एका साध्या सीनमध्ये सांगून टाका, म्युझिक वाजवून वगैरे नको. उरलेला वेळ त्याला असं एक काम करायला लावा जे केल्याशिवाय गँग विश्वास ठेवणार नाही आणि ज्याचं नुकसान एका ओळखीच्या, निरपराध माणसाला होईल. तो माणूस कोण ते आधी ठरवा, हिरोचं नाव नंतर ठरवलं तरी चालेल. आणि तुमच्या ड्राफ्टमधला तो हवालदार, जो सुरुवातीला एकदा येतो आणि गायब होतो, त्यालाच फेनर करा, त्याला गँगमध्ये ठेवा आणि पहिल्याच भेटीत म्हणू द्या की हा पोलिस आहे. पुढचा ड्राफ्ट झाला की टाका इथे, वाचतो.